स्पर्मिनने दाह शमवला की सिरमने पेशी मारल्या? गोव्यातल्या एका प्रयोगशाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या एका शैक्षणिक संस्थेतली ही पेशी-संवर्धनाची छोटी प्रयोगशाळा. एक हूड, एक कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटर, एक प्लेट रीडर, आणि एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र) लागलं तर शेजारच्या विभागाकडे वेळ मागायची. संस्थेची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत; प्रयोगाचे तपशील तसेच ठेवले आहेत.

पीएचडीच्या विद्यार्थिनीचा विषय होता पॉलीअमाइन्स आणि दाह. पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन हे तीन लहान रेणू आपल्या प्रत्येक पेशीत असतात. शरीराच्या सामूला त्यांच्यावर धन भार असतो, स्पर्मिनवर तर जवळपास चार. त्यामुळे ते आरएनए, डीएनए अशा ऋण भाराच्या रेणूंना चिकटून राहतात. पेशीच्या आत त्यांचं प्रमाण मिलिमोलरच्या घरात जातं, पण त्यातलं बहुतेक बांधलेलं असतं. रक्तद्रवात मात्र ते फारच थोडे असतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

मॅक्रोफेजसाठी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकार पेशींसाठी, या विषयाचं मूळ आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या फाट्यावर आहे. जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस दिसलं की मॅक्रोफेज आयनॉस हे एन्झाइम बनवतो आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. आयएल-४ हे संदेश-प्रथिन मिळालं तर आर्जिनेज-१ हे एन्झाइम वाढतं, आर्जिनिनचं ऑर्निथिन होतं, ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज म्हणजे ओडीसी त्याचं पुट्रेसिन करतं, आणि पुढे स्पर्मिडिन व स्पर्मिन. स्पर्मिडिनचा एक तुकडा ईआयएफ५ए या प्रथिनाच्या एका लायसिनवर बसतो. त्या बदलाला हायपुसिनेशन म्हणतात. आयएल-४ने घडणाऱ्या मॅक्रोफेजला मायटोकाँड्रियाची काही प्रथिनं बनवायला हा बदल लागतो, हे २०१९ साली दाखवलं गेलं. त्याआधी, २०१७ मध्ये, मायलॉइड (मॅक्रोफेजच्या कुळातल्या) पेशींतून ओडीसी काढलेल्या उंदरांत जिवाणू-संसर्गाला मॅक्रोफेजचा दाहक प्रतिसाद वाढलेला दिसला होता. म्हणजे आतलं पॉलीअमाइन दाहाला लगाम घालतं, असं मानायला जागा होती.

विद्यार्थिनीच्या आराखड्याचा आधार मात्र वेगळा होता. मानवी मोनोसाइट्सवर (ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या रक्तातल्या पेशींवर) बाहेरून स्पर्मिन घातलं की दाहक सायटोकाइन्स, म्हणजे पेशींनी सोडलेली संदेश-प्रथिनं, कमी होतात, हा १९९७चा निष्कर्ष. पॉलीअमाइन पेशीच्या आत असणं आणि ते बाहेरून घालणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आराखड्यात ते एकाच वाक्यात बसले होते.

पद्धत नेहमीचीच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या रॉ २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेजचा प्रयोगशाळेतला वाण), डीएमईएम या पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे मीडियात, १० टक्के एफबीएस. एफबीएस म्हणजे गर्भस्थ वासराचं सिरम, रक्त गोठल्यावर उरणारं द्रव. स्पर्मिन ०, १०, २५, ५० आणि १०० मायक्रोमोलर, २४ तास. मग १०० नॅनोग्रॅम प्रति मिली एलपीएस, आणखी २४ तास. वरचं द्रव काढून ग्रीस पद्धतीने नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइड किती बनला याचा माग) आणि एलायझा चाचणीने टीएनएफ-अल्फा व आयएल-६ हे दाहक सायटोकाइन्स.

अडचण

पहिल्या फेरीत आलेख देखणे आले. स्पर्मिन जसं वाढेल तसं नायट्राइट आणि आयएल-६ पायरीपायरीने खाली. एमटीटी चाचणीत पेशी जिवंत दिसत होत्या, १०० मायक्रोमोलरला थोडीशी घट, एवढंच. एका परिषदेसाठी सारांशही गेला.

मग एफबीएसचा लॉट बदलला. मुंबईच्या वितरकाकडे जुना लॉट संपला होता. नव्या लॉटवर ५० मायक्रोमोलरच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त पेशी गोल होऊन तरंगत होत्या, आणि १००च्या वेलमध्ये तळाला चिकटलेलं फारसं काही उरलं नव्हतं. नायट्राइट अर्थातच शून्याजवळ. आलेखावर पाहिलं तर हा आधीच्यापेक्षाही जोरदार दाहशामक परिणाम वाटला असता.

आधी भलत्याच ठिकाणी शोध

दिवस जूनचे. गोव्यात पहिला पाऊस आला की वीज जाते-येते, इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी येते, आणि प्रयोग बिघडला की सगळ्यांची नजर आधी तिकडेच वळते. इनक्युबेटर रिकामा करून ७० टक्के अल्कोहोलने पुसला, ट्रेमधलं पाणी बदललं, मायकोप्लाझ्मा या छुप्या जिवाणूसाठी पीसीआर केला. तो निगेटिव्ह आला. खरं तर या सगळ्याची गरज नव्हती, कारण त्याच प्लेटवरच्या स्पर्मिन न घातलेल्या वेल ठणठणीत होत्या. बुरशी किंवा वीज स्पर्मिनच्या वेल तेवढ्या निवडून मारत नाही. पहिला निर्णायक प्रश्न इथेच होता आणि तो विचारायला उशीर झाला: बिघाड सगळ्या प्लेटवर आहे की फक्त डोस वाढेल तसा?

दुसरी गुंतागुंत स्टॉकची. सिरमच्या सोबतीने स्पर्मिनचा स्टॉकही (ज्यातून डोस पातळ करून घेतात ते दाट द्रावण) नवा बनला होता. बाटलीत स्पर्मिन टेट्राहायड्रोक्लोराइड होतं, रेणुभार ३४८.२. जुना स्टॉक मोजताना नुसत्या स्पर्मिनचा रेणुभार, २०२.३, धरला गेला होता. म्हणजे लेबलवर १०० मिलिमोलर लिहिलेल्या जुन्या स्टॉकमध्ये प्रत्यक्षात ५८च होतं. नवा स्टॉक बरोबर होता: ३४.८ मिलिग्रॅम प्रति मिली, सामू ७.३ला आणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला. एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या, त्यामुळे दोष कुणाचा हे नुसतं बघून कळणार नव्हतं.

उणे २० अंशांवर जुन्या सिरमची ५० मिलीची एकच नळी उरली होती. ती जपून ठेवावी असं एक मत होतं. मार्गदर्शकांनी ती वापरायला सांगितली, आणि हा निर्णय योग्य होता. जुनं आणि नवं सिरम, जुना आणि नवा स्टॉक, अशा चारही जोड्या एकाच दिवशी एकाच प्लेटवर लावल्या. पाचवा गट सिरमशिवायचा.

निकाल असा आला. नव्या सिरममध्ये दोन्ही स्टॉक मारक. जुन्या सिरममध्ये बरोबर मोजलेला स्टॉक मारक, पण सावकाश. परिणाम ४८ तासांवर दिसला, २४ला नाही. आणि सिरमशिवायच्या वेलमध्ये १०० मायक्रोमोलरलाही २४ तास पेशी चिकटून होत्या, मेलेल्या पेशींनाच रंगवणारा ट्रिपॅन ब्लू घेत नव्हत्या. म्हणजे स्पर्मिन एकटं निरुपद्रवी, सिरम एकटं निरुपद्रवी, आणि दोघं एकत्र आले की घात.

कारण

गाईगुरांच्या सिरममध्ये एक अमाइन ऑक्सिडेज असतं. ते स्पर्मिन आणि स्पर्मिडिन तोडतं; त्यातून अमिनोअल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निघतात, आणि अल्डिहाइडपासून आपोआप अक्रोलिन हे विषारी रसायन तयार होतं. ही माहिती नवी अजिबात नाही. बैलाच्या रक्तद्रवातून हे एन्झाइम १९५४ मध्येच शुद्ध करून घेतलं गेलं होतं. मॅक्रोफेजमध्ये स्पर्मिनने आयनॉस कमी होतो तो मुळात या अल्डिहाइडमुळे, हेही १९९४ मध्ये जे७७४ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर दाखवून झालं होतं. बाहेरून दिलेल्या पॉलीअमाइनने ऑटोफेजी (पेशीने स्वतःचेच जुने भाग पचवणं) सुरू होते हे निरीक्षणही सिरममधल्या याच एन्झाइमचा खेळ असू शकतो, असं २०२०च्या एका कामातून पुढे आलं. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी पुन्हा याच खड्ड्यात पडतं.

अक्रोलिन प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर जाऊन बसतं. एनएफ-कॅपा-बीसारखे दाहाचे घटक सिस्टीनवरच अवलंबून असतात. त्यामुळे पेशी मरण्याच्या बऱ्याच आधी, अगदी जिवंत दिसत असतानाही, सायटोकाइन्स खाली येतात. पहिल्या फेरीतला देखणा आलेख तिथून आला होता. मोठ्या जनावराच्या सिरममध्ये हे एन्झाइम भरपूर, गर्भस्थ वासराच्या सिरममध्ये कमी; पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि ते किती हे लॉटगणिक बदलतं.

खात्रीसाठी पेशींशिवाय चाचणी केली. फॉस्फेट बफरमध्ये १० टक्के सिरम आणि १०० मायक्रोमोलर स्पर्मिन, ३७ अंशांवर. दर तासाला थोडं काढून झायलेनॉल ऑरेंज पद्धतीने पेरॉक्साइड मोजायचं. मिश्रणात २५० मायक्रोमोलर फेरस अमोनियम सल्फेट, १०० मायक्रोमोलर झायलेनॉल ऑरेंज, १०० मिलिमोलर सॉर्बिटॉल आणि २५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल. अर्ध्या तासाने ५६० नॅनोमीटरला वाचन. दोन ठिकाणी हात पोळतो. मीडियातला फिनॉल रेड हा रंग वाचनात अडथळा आणू शकतो, म्हणून मीडिया नको, बफर हवा. आणि आम्लात सिरमची प्रथिनं साका धरतात, म्हणून फिरवून वरचं द्रव घ्यायचं आणि प्रमाण-वक्रही १० टक्के सिरममध्येच काढायचा. नव्या लॉटमध्ये पेरॉक्साइड झपाट्याने चढलं, जुन्यात हळू, सिरम नसताना नाहीच.

सोबतीला आणखी एक सोपी परीक्षा: स्पर्मिन सिरमच्या मीडियात दोन-तीन तास आधी मिसळून ३७ अंशांवर ठेवायचं आणि मग पेशींवर घालायचं. विष मीडियात बनत असेल तर पेशी लवकर मरतात. इथे तसंच झालं. हे मिश्रण दोन-दोन दिवस ठेवू नये. तोवर अल्डिहाइड सिरमच्याच प्रथिनांना चिकटून ओसरू लागतात आणि परीक्षा उलटा निकाल देते.

पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय होता डोस १० मायक्रोमोलरवर आणून पुढे जाणं. तो फेटाळला, कारण त्या डोसलाही एन्झाइमचं काम चालूच राहतं, फक्त मरण दिसत नाही. सिरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवणं हा दुसरा. कॉम्प्लिमेंट (सिरममधली जंतूंवर हल्ला करणारी प्रथिनं) त्याने जातं, पण या ऑक्सिडेजच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. डायलाइझ केलेलं सिरम घ्या, असंही कुणी सुचवलं. त्या पडद्यातून लहान रेणू जातात. हे एन्झाइम दीडशे किलोडाल्टनच्या वरचं आहे, ते आतच राहतं.

कॅटलेज घातलं तर पेरॉक्साइड जातं, अक्रोलिन राहतं. निदानासाठी उपयोगी, उपाय म्हणून अपुरं.

मग उरलं अमिनोग्वानिडिन, १ मिलिमोलर. या क्षेत्रात ते सर्रास वापरतात, स्वस्त आहे, आणि त्या मात्रेला सिरमचं ऑक्सिडेज बंद पडतं. प्रयोगशाळेने ते लगेच मागवलं, स्पर्मिनच्या आधी तासभर घातलं, आणि पेशी वाचल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. पण नायट्राइटची प्लेट वाचून झाल्यावर विद्यार्थिनी मार्गदर्शकांकडे कागद घेऊन आली: "मॅडम, या वेलमध्ये स्पर्मिन नाहीच. नुसतं एलपीएस आणि अमिनोग्वानिडिन. तरी नायट्राइट जवळपास शून्य. आता आपण मोजतोय काय?"

अमिनोग्वानिडिन आयनॉसलाही रोखतं. त्यासाठी मिलिमोलरची गरजही नसते. ज्या एन्झाइमचं उत्पादन मोजायचं तेच बंद करणारं औषध नियंत्रण म्हणून घालणं म्हणजे वजन करताना काटाच धरून ठेवण्यासारखं. शिवाय ते अल्डिहाइडनाही पकडतं, म्हणजे त्याने झालेला बचाव एन्झाइम थांबल्यामुळे की अक्रोलिन पकडल्यामुळे हे वेगळं सांगता येत नाही. हा नियंत्रण-वेल प्लेटवर ठेवला होता म्हणून गोष्ट उघडी पडली. स्पर्मिन अधिक अमिनोग्वानिडिन एवढीच जोडी लावली असती तर "स्पर्मिनने नायट्रिक ऑक्साइड पूर्ण थांबतो" असा निष्कर्ष निघाला असता.

शेवटी कसोटीनुसार नियंत्रण वेगळं ठेवायचं ठरलं. टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ साठी एफबीएस अधिक अमिनोग्वानिडिन. नायट्राइटसाठी मानवी एबी सिरम (एबी रक्तगटाच्या माणसांचं; त्यात गाईगुरांचं ते ऑक्सिडेज नाही), अमिनोग्वानिडिनशिवाय. आणि टीएनएफ-अल्फाची एक छोटी फेरी सिरमशिवाय, कारण त्याचा भर एलपीएसनंतर चार ते सहा तासांतच येतो. नायट्राइटला वीस तासांच्या वर लागतात, सिरमशिवाय तेवढा वेळ पेशींना ताण पडतो.

काय केलं

मानवी सिरम मिळवायला नैतिकता समिती आणि जैवसुरक्षा समिती, दोन्हीकडे अर्ज करावे लागले. त्यात चवथीच्या सुट्ट्या आल्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासलेलं, अनेकांचं एकत्र केलेलं सिरमच घ्यायचं ठरलं. उंदराच्या पेशी मानवी सिरममध्ये एकदम टाकल्या तर वाढ मंदावते आणि एलपीएसशिवायही थोडं टीएनएफ येतं. म्हणून दोन पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) एफबीएस कमी आणि मानवी सिरम जास्त असं करत ५ टक्क्यांवर आणलं आणि एलपीएसशिवायची पातळी पुन्हा मोजली.

क्रमाची एक परीक्षाही घातली. स्पर्मिन धनभारित, एलपीएस ऋणभारित. दोघं मीडियातच एकमेकांना धरून बसले तर पेशीपर्यंत एलपीएस कमी पोचेल. म्हणून एका गटात एलपीएस आधी देऊन तासाभराने धुतलं आणि नंतर स्पर्मिन घातलं.

जिवंतपणा मोजायची वेळही बदलली. पहिल्या फेरीतली एमटीटी वेगळ्या प्लेटवर, फक्त स्पर्मिन देऊन, २४ तासांवर केलेली होती. सायटोकाइन्स मात्र ४८ तासांवर मोजले होते. मधल्या चोवीस तासांत काय झालं ते कुणी पाहिलंच नव्हतं. आता त्याच वेलच्या वरच्या द्रवातून एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) आणि त्याच वेलच्या पेशींतून प्रथिन मोजायचं, आणि सायटोकाइनचा आकडा प्रति मिलिग्रॅम प्रथिन लिहायचा.

याच सुमारास मूळ प्रश्नही दुरुस्त झाला. रोगप्रतिकार पेशीतलं पॉलीअमाइन काय करतं हे विचारायचं असेल तर बाहेरून १०० मायक्रोमोलर ओतून उत्तर मिळत नाही. आतलं कमी करून बघावं लागतं. त्यासाठी डीएफएमओ, ओडीसीला कायमचं निकामी करणारं औषध, २.५ मिलिमोलर, ७२ तास. एका गटात सोबत ५० मायक्रोमोलर पुट्रेसिन, म्हणजे परिणाम उलटतो का ते कळेल. सिरमचं ऑक्सिडेज पुट्रेसिनला फारसं हात लावत नाही, तरी इथे अमिनोग्वानिडिन ठेवलं, कारण कसोटी नायट्राइटची नव्हती. मग २० नॅनोग्रॅम प्रति मिली आयएल-४, आणि सीडी२०६ (आयएल-४ने वाढणारी पेशीवरची खूण) व आर्जिनेजची क्रिया मोजायची. रॉ पेशी आयएल-४ला कमकुवत प्रतिसाद देतात. त्यामुळे हा भाग प्राण्यांची परवानगी असलेल्या दुसऱ्या संस्थेत उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजवर केला.

पॉलीअमाइन खरंच कमी झालं का हे एचपीएलसीवर पाहिलं. पेशी परक्लोरिक आम्लात फोडायच्या, १,७-डायअमिनोहेप्टेन हे आंतरिक प्रमाण म्हणून सुरुवातीलाच घालायचं, संपृक्त सोडियम कार्बोनेटमध्ये डॅन्सिल क्लोराइडशी जोडायचं, उरलेलं डॅन्सिल प्रोलीनने संपवायचं, टोल्युइनमध्ये ओढून घ्यायचं. आंतरिक प्रमाण शेवटी घातलं तर ओढणीत गेलेलं मोजलं जात नाही; नवशिक्यांचे आकडे बहुधा इथेच हलतात.

निष्पत्ती

ऑक्सिडेज बंद केल्यावर टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ वरचा स्पर्मिनचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. एफबीएस अधिक अमिनोग्वानिडिन, मानवी सिरम आणि सिरमशिवायची छोटी फेरी, तिन्हीकडे एकच चित्र. क्रम बदलूनही फरक पडला नाही. याचा अर्थ १९९७चा निष्कर्ष खोटा असा नव्हे. त्या पेशी मानवी होत्या, मांडणी वेगळी होती. या प्रयोगशाळेचा आलेख मात्र सिरमचा होता.

नायट्राइटमध्ये थोडी घट उरली, तीही मानवी सिरममध्ये फक्त १०० मायक्रोमोलरला. आयनॉसचा एमआरएनए तसाच होता. स्पर्मिन पेशीत आर्जिनिन जाऊ देत नाही आणि त्यामुळे आयनॉस प्रथिनाचं बनणं अडतं, असं आधीच्या कामांतून माहीत आहे. डीएमईएममध्ये आर्जिनिन ०.४ मिलिमोलर असतं; ते २ मिलिमोलर केल्यावर घट काही अंशी भरून निघाली. एवढंच प्रबंधात लिहिलं, त्यापुढे एक शब्द नाही.

डीएफएमओच्या गटात पुट्रेसिन आणि स्पर्मिडिन खाली आले, स्पर्मिन फारसं हललं नाही. ओडीसी रोखल्यावर असंच होतं. आयएल-४ला मिळणारा सीडी२०६चा प्रतिसाद मंदावला आणि पुट्रेसिनने बराचसा परत आला. परिषदेला गेलेल्या सारांशाची दुरुस्ती आयोजकांना कळवली. प्रबंधातल्या प्रकरणाचं नाव बदललं. "स्पर्मिनचा दाहशामक गुण" गेलं, त्या जागी मॅक्रोफेजच्या ध्रुवीकरणात (दाहक किंवा आयएल-४चं वळण घेण्यात) आतल्या पॉलीअमाइनची भूमिका आली.

काय वेगळं करता आलं असतं

नव्या सिरमचा लॉट येताच आणि जुना अजून शिल्लक असताना, पेशींशिवायची पेरॉक्साइड चाचणी एका दुपारी उरकते. तेवढं केलं असतं तर पावसाळ्यातली साफसफाई टळली असती. लॉट क्रमांक वहीत प्रत्येक प्लेटसोबत लिहायला हवा होता. इथे तो बिलं काढून शोधावा लागला. क्षाराचा रेणुभार बाटलीवरूनच घ्यावा: पुट्रेसिन डायहायड्रोक्लोराइड १६१.१, स्पर्मिडिन ट्रायहायड्रोक्लोराइड २५४.६. मुक्त स्पर्मिडिन घेतलं तर ते अल्कधर्मी असतं, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. गोव्याच्या हवेत बाटली एकदा उघडली की वजनावर विश्वास राहत नाही, म्हणून क्षारच बरा.

एका निर्णयाबद्दल दोन मतं संभवतात. बाहेरून स्पर्मिन घालण्याचा भाग पूर्ण सोडून थेट डीएफएमओकडे वळावं, असं सहमार्गदर्शकांचं म्हणणं होतं. वेळेच्या हिशेबाने ते बरोबर होतं. पण मग सारांशातला दावा तसाच राहिला असता, आणि पावसाळ्यात ओळमी (रानातली अळंबी) खाऊन दाह कमी होतो का, असं विचारणाऱ्यांना देण्यासारखं उत्तरही नसतं. अळंबीत स्पर्मिडिन असतं हे खरं. प्लेटमधल्या १०० मायक्रोमोलरशी त्याचा संबंध लावता येत नाही.

हायपुसिनेशनचा दुवा अजून बांधायचा आहे. त्यासाठी हायपुसिनेशन रोखणारं जीसी७ हे औषध सुचतं, पण तेही अमाइनच असल्याने वासराच्या सिरममध्ये तुटतं आणि पुन्हा अमिनोग्वानिडिन घालावं लागतं. शिवाय हायपुसिन एकदा बसलं की निघत नाही. पेशी विभागून नवं ईआयएफ५ए बनेल तेव्हाच प्रमाण घटतं, आणि अस्थिमज्जेतले पूर्ण वाढलेले मॅक्रोफेज फारसे विभागत नाहीत. म्हणून पेशी एम-सीएसएफ या मॅक्रोफेज वाढवणाऱ्या प्रथिनात वाढत असतानाच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, स्पर्मिडिनचा तुकडा बसवणाऱ्या डीएचपीएस या एन्झाइमवर एसआयआरएनए (त्याचं बनणं थांबवणारा आरएनएचा तुकडा) द्यायचा आणि सातव्या दिवशी इम्युनोब्लॉटवर हायपुसिन बघून मगच आयएल-४ घालायचं, असं ठरलं आहे.